दोन ओळी राहिल्या

जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, खोबरेल गोठतं, ही गोष्ट बाबांना पटायला दोन आठवडे लागले. बाबा म्हणजे माझे सासरे. वसईहून पहिल्यांदाच परदेशी, आमच्याकडे वेरिबीला आले होते, सहा महिन्यांसाठी, आणि येताना कानटोपी सोडून बाकी सगळं आणलं होतं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून घरी आलो की ते हॉलमध्ये खिडकीपाशी खुर्ची मांडायचे, गरम पाण्याच्या मगात तेलाची बाटली उभी करायचे आणि माझ्या लेकीला हाक मारायचे. लेक तेव्हा चौदा वर्षांची, नववीत. मी केसांना हात लावला की अंगावर धावून येते. आजाच्या पुढ्यात मात्र गुपचूप मांडी घालून बसायची आणि अर्धा तास फोनसुद्धा बघायची नाही.

तिचे केस हे आमच्या घरातलं एक प्रकरणच आहे. बारीक, घट्ट कुरळे. ओले असले की खांद्याखाली येतात आणि वाळले की कानांपर्यंत चढतात. माझे सरळ. तिच्या बापाचे, टक्कल पडेपर्यंत, सरळ. हे केस आले बाबांकडून, आणि बाबांना त्यांच्या आजीकडून. या आजीचा एकच फोटो वसईच्या घरात भिंतीवर आहे. लाल लुगडं, डोक्यावर पदर, आणि कानशिलापाशी पदराला न जुमानता बाहेर आलेले दोन कुरळे झुपके. केस असे का, याचं उत्तर बाबांकडे तयार असायचं. "खाडीकडचं घर. खारा वारा केसांत शिरला की वळतात ते."

लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "मग शेजारच्यांच्या केसांत का नाही शिरला?"

"त्यांच्या खिडक्या लहान होत्या," बाबा म्हणाले. आणि मी हसले तसे तेही हसले, आणि विषय तिथेच संपला. तो विषय नेहमी तिथेच संपायचा. आपलं घराणं पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं आणि चांगल्या घरचं, हे मात्र ते न विचारता सांगायचे.

बाबांनी वसईतल्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त होऊन जमाना झाला, पण खिशातलं लाल पेन गेलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाचं गणपतीचं आमंत्रण आलं, ते आम्ही कॅथलिक असून आवर्जून येतं, तर बाबांनी आधी प्रिंट काढायला लावली, त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या आणि मगच जायचं की नाही ते ठरवलं. गेलो. मोदक त्यांना आवडले, पत्रिका शेवटपर्यंत आवडली नाही.

असा हा माणूस, पण इथे आला आणि मी त्याला पार अडाणी करून टाकला. मुद्दाम नाही. इथे आई-वडील राहायला आले की आपण सगळेच हे करतो. सुपरमार्केटातली काउंटरवरची मुलगी 'हाऊ यू गोइंग?' म्हणते, ते गोंधळतात, आपण पुढे होऊन उत्तर देतो. डॉक्टरकडे आपण बोलतो. बसमध्ये आपण बोलतो. टीव्हीवरच्या बातम्या आपण सांगतो, त्याही वाईट वगळून. महिन्याभरात आपल्याला खरंच वाटायला लागतं की यांना काही कळत नाही. आणि तेही बिचारे, आपल्याला बरं वाटावं म्हणून, काही कळत नसल्यासारखं वागतात. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर जुलैच्या सुट्ट्या संपल्या आणि लेक एक दिवस शाळेतून धुमसत आली. बॅग आपटली, बूट दोन दिशांना गेले. नववीच्या इतिहासात त्यांना गुलामगिरीचा धडा आहे. आफ्रिकेतून अमेरिकेला माणसं कशी नेली, जहाजात कशी कोंबली, त्याचं चित्र वगैरे सगळं. आणि त्या धड्याच्या शेवटी, पानाच्या कोपऱ्यात, एका करड्या चौकटीत, इथल्याबद्दल थोडंसं. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर काम करायला पॅसिफिकमधल्या बेटांवरून माणसं आणली गेली. काही फसवून, काही पळवून. झालं. पुढचा धडा.

तिची जी जिवलग मैत्रीण आहे, तिच्या आईकडची माणसं त्या मळ्यांवर आणलेल्यांपैकी. या दोघी सातवीपासून चिकटलेल्या. दोघींचे केस सारखे, रंगही उन्नीस-बीस, बदली शिक्षक आले की 'बहिणी का?' म्हणून विचारतात आणि या दोघी हो म्हणून ठोकून देतात. तर त्या दिवशी वर्गात मैत्रिणीने हात वर करून सांगितलं, "ही चौकट म्हणजे माझी फॅमिली." सर चांगले होते, 'थँक यू फॉर शेअरिंग' म्हणाले. आणि तास संपला.

"शेअरिंग, मम!" लेक ओरडली. "जसं काही तिने चिप्स शेअर केले!"

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. तिचा राग माझ्यावरच गेलाय. नाकावर बसलेला असतो.

इंग्रजीच्या टीचरने यावरच कविता लिहायला सांगितली. पुस्तकात कोण नाही, असा विषय. निवडक कविता सप्टेंबरमध्ये शाळेच्या हॉलमध्ये पालकांसमोर वाचायच्या, आणि ज्यांच्या घरी दुसरी भाषा आहे त्यांच्या घरच्या कुणीतरी तीच कविता त्या भाषेत वाचायची. लेकीने तेव्हाच ठरवून टाकलं. तिची कविता मराठीतून आजा वाचणार. "ही रीड्स लाइक द न्यूज," ती म्हणाली. खरंच होतं ते. बाबा वाण्याची यादी वाचायचे तीही आकाशवाणीवर असल्यासारखी.

मैत्रिणीने तिला विचारलं होतं, माझं झालं, आता तुझ्या लोकांचं काय? म्हणून एका रविवारी, डोक्यात तेल जिरत असताना, लेकीने फोन रेकॉर्डिंगला लावून आजाची मुलाखत घेतली. ती इंग्रजीत विचारायची, मी मराठी करायचे, ते उत्तर द्यायचे.

"वसईत गुलाम होते का?"

"गुलाम?" बाबांचे हात थांबले. "छे. ते अमेरिकेत."

"पण पोर्तुगीज होते ना? किल्ला होता ना?"

"होता. मी पोरांना दरवर्षी घेऊन जायचो. तट, बुरूज, चर्च, सगळं दाखवायचो."

"मग किल्ल्यात काम कोण करायचं?"

हे मी मराठीत सांगितलं आणि बाबांनी तेलाची बाटली पुन्हा मगात ठेवली. मग म्हणाले, "पुस्तकात नव्हतं ते. पुस्तकात नाही ते शिकवलं असतं तर इन्स्पेक्टरने माझीच तपासणी केली असती. तिला सांग, मान सरळ ठेव."

मी फक्त मान सरळ ठेवायचं सांगितलं.

लेक आमची. ती काय गप्प बसते? शाळेच्या लायब्ररीतून दोन-चार दिवसांत पानं काढून घेऊन आली. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावरच्या गावांमध्ये आफ्रिकेतून आणलेली माणसं गुलाम म्हणून ठेवली होती, घरकामाला, ओझी वाहायला, पहाऱ्याला. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. गॅसवर बोंबिलाचं कालवण होतं, ते खाली लागलं. मी दहा वर्षं वसईच्या शाळेत शिकले, किल्ल्यावर सहलीला गेले, बुरुजावर चढून डबा खाल्ला, आणि हे मला माझी मुलगी वेरिबीत बसून सांगत होती.

"मम," ती म्हणाली, आणि स्वतःच्या केसांची एक बट ओढून सरळ केली आणि सोडली. ती टुणकन वर गेली.

"हे लगेच आजाला दाखवू नकोस," मी म्हणाले. "त्यांना बीपी आहे."

कविता झाली. तिने प्रिंट काढून माझ्या हातात दिली. मी काही कवितेतली जाणकार नाही, पण वाचून मला दोन मिनिटं खाली बसावं लागलं. करड्या चौकटीत राहणारी मैत्रीण होती तिच्यात, तिथे पाय लांब करायला जागा नाही म्हणून वर्गात हात वर करणारी. 'तू नक्की कुठली?' असं विचारणारे लोक होते, आणि 'वेरिबीची' असं उत्तर दिल्यावर 'नाही, पण खरी कुठली?' असं पुन्हा विचारणारे. रविवारचं तेल होतं, गरम पाण्याचा मग होता. आणि मग शेवटाकडे या दोन ओळी होत्या. माझ्या आजाने तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात तो शब्द नव्हता, म्हणून त्याच्या तोंडात आला नाही.

"हे वाचणार तू? त्यांच्यासमोर?"

"म्हणूनच तर आधी द्यायचंय. मराठीत." मग ती इंग्रजीत बोलायला लागली, नेहमी महत्त्वाचं असलं की बोलते तशी. तिचं म्हणणं असं की आजाला हॉलमधलं भराभर बोललेलं इंग्रजी कळणार नाही. त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याबद्दल असं काही बोलायचं आणि त्याला कळूच द्यायचं नाही, हे चुगली केल्यासारखं होईल. त्याने आधी वाचावं. त्याला नको असेल तर ती काढून टाकेल. पण ते त्याने सांगायचं. "सो यू ट्रान्सलेट इट. सगळं. अँड मम, डोन्ट मेक इट नाइस."

"नाही करणार," मी म्हणाले. वचनच दिलं म्हणा ना.

त्या शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर बसून भाषांतर केलं. सगळं जमत गेलं. त्या दोन ओळी आल्या आणि पेन अडलं. समोर खिडकीतून बाबा दिसत होते. मागच्या अंगणात, दोन स्वेटर घालून, माझ्या मेथीच्या वाफ्यातलं गवत उपटत होते. पंचाहत्तरीचा माणूस. सासूबाई गेल्यावर वर्षभर कुणाशी धड बोलला नव्हता, तो इथे येऊन नातीच्या वेण्या घालायला लागला होता. अजून दोन-अडीच महिन्यांत परत जाणार. पुन्हा कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं? तेहतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने एक दिवस उशिरा शाळा गाठली नव्हती. त्याचा हिशोब त्याच्या नातीने दोन ओळींत मांडावा आणि तो मी त्यांच्या हातात द्यावा, हे माझ्याने होईना. माझा जीव आहे त्यांच्यावर. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही, पण आहे.

मी त्या दोन ओळी गाळल्या. वरची ओळ खालच्या ओळीला अशी काही जुळवली की सांधा दिसू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला मध्ये घेऊ नकोस," आणि लॉन कापायला गेला.

बाबांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "कविता चांगली आहे," म्हणाले. "भाषांतरात काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बघावं लागेल. मी माझ्या वहीत उतरवून घेतो."

संध्याकाळी लेक माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आजाने वाचलं? काय म्हणाला?"

"वाचलं. चांगली आहे म्हणाले."

"ते लाइन्सबद्दल काही नाही म्हणाला?"

"नाही."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिने मला मागून मिठी मारली. गेल्या वर्षभरात तिने मला आपणहून मारलेली ती पहिली मिठी, आणि ती मी खोटं बोलून मिळवली होती. खोटं तरी कुठे म्हणा, ते दोन ओळींबद्दल काहीच म्हणाले नव्हते. मनाची अशी समजूत घालायला मी पटाईत आहे.

पुढचा आठवडा मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. लेकीला मराठी मोडकंतोडकंच येत असलं तरी स्वतःच्या कवितेतल्या ओळी तिला नक्की ओळखू येतील. आजा हॉलमध्ये मराठी कविता वाचणार, ती शेजारी उभी राहून ऐकणार, आणि त्या दोन ओळी येणारच नाहीत. तिला तिथेच, सगळ्यांसमोर कळणार की आईने फसवलं, आणि आपण आजाच्या तोंडावर, त्याला अंधारात ठेवून, त्याच्याबद्दल बोललो. तिला जे करायचं नव्हतं नेमकं तेच मी तिच्याकडून करून घेतलं होतं. बाबांची वही बघावी म्हटलं तर ते ती उशाखाली ठेवायचे. "पेपर तपासून झाल्याशिवाय दाखवायचे नसतात," म्हणायचे. लेकीला खरं सांगावं म्हणून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा 'मळके कपडे टाक बाहेर' एवढंच बोलून परत आले.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी सहाला होता. बाबांनी सूट घातला, आमच्या लग्नात शिवलेला. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे टेबलावर सॉसेज रोल आणि लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चौकोनी केक. मैत्रीण आणि तिची आई आमच्याच रांगेत होत्या. मैत्रिणीच्या आईने बाबांचा हात हातात घेऊन 'सो यू आर द फेमस ग्रँडफादर' म्हटलं आणि मी सवयीने भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर बाबा म्हणाले, "नॉट फेमस. ओन्ली ओल्ड." ती खळखळून हसली. मी तोंड मिटलं.

लेकीचं नाव पुकारलं. दोघं वर गेले. ती माइकसमोर, बाबा तिच्यापासून दोन पावलांवर, वही छातीशी धरून. तिने सुरुवातीला घाबरत वाचलं, मग आवाज लागला. चौकटीची ओळ आली तेव्हा मैत्रिणीची आई खुर्चीत पुढे सरकली. लोकांच्या प्रश्नांवर हॉल हसला. आणि त्या दोन ओळी आल्या तेव्हा लेकीने कागदावरून मान वर केली आणि सरळ आजाकडे बघून म्हटल्या. सांगूनसवरून, परवानगी घेऊन बोलणाऱ्या माणसासारख्या. बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. बिचाऱ्यांना कळलं नाही, मी मनात म्हटलं, कौतुक समजून मान हलवतायत.

टाळ्या झाल्या. बाबा पुढे आले. माइक त्यांना लागतच नव्हता. ते वाचायला लागले आणि वसईच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज वेरिबीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. एक अक्षर कुणाला कळत नव्हतं, पण लोक ऐकत होते. मी ओळी मोजत होते. मैत्रीण झाली. लोक झाले. तेल झालं, पाण्याचा मग झाला. आता सांधा. मी डोळे मिटून घेतले.

"मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला," बाबा वाचत होते. "पुस्तकात तो शब्द नव्हता, म्हणून माझ्या तोंडात आला नाही."

मी डोळे उघडले. बाबांनी पान उलटलं, चष्मा सारखा केला आणि पुढे वाचलं.

"गुलाम. माझ्या आजीचे केस कुरळे होते. का, ते मी तिला कधी विचारलं नाही."

ही ओळ लेकीची नव्हती. माझीही नव्हती. वर उभ्या असलेल्या लेकीने हात तोंडावर घेतला. मग बाबांनी कवितेचा उरलेला शेवट वाचून वही मिटली आणि वर्ग संपल्यासारखी मान झुकवली. त्या हॉलमध्ये काय झालं ते कळलेली माणसं चार, आणि चौघं आमच्याच घरची. नवरा रुमाल शोधत होता. मी शोधलाच नाही, बाहीने काम चालवलं.

नंतर बाबा मागच्या टेबलापाशी लॅमिंग्टन खात मैत्रिणीच्या आईशी त्यांच्या इंग्रजीत उसावर बोलत होते. मध्ये-मध्ये अडत होते, पण थांबत नव्हते. लेकीने फोटो काढायला वही मागून घेतली आणि उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. डावीकडच्या पानावर माझ्या भाषांतराचा कागद नीट चिकटवलेला. माझा सांधा जिथे होता तिथे लाल शाईचं हंसपद, काही राहून गेलं की मास्तर करतात ते टोकदार चिन्ह. आणि समासात, त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा: 'दोन ओळी राहिल्या. का?' उजवीकडच्या पानावर लेकीची इंग्रजी प्रिंट, प्रत्येक ओळीला बारीक आकडा घातलेला. ती तिने त्यांना आठवण म्हणून दिली होती. त्यांनी ओळी मोजल्या होत्या. जन्मभर पेपर तपासलेला माणूस. आणि इंग्रजी वाचता येणारा, हे मी साफ विसरून गेले होते.

लेकीला मराठी वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावत तिने तो शेरा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"यू मेड इट नाइस," ती म्हणाली.

गाडी निघाली. मीच शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. तुला दिलेला शब्द मी मोडला. वर तुझ्याशी खोटं बोलले." मला माफी मागता येत नाही, हे माझ्या घरातल्या भांड्यांनाही माहीत आहे, म्हणून ती दोन वाक्यं बोलायला मला फ्रीवेचं वळण ते आमची गल्ली इतका वेळ लागला. "आणि बाबा, तुमच्या बाबतीतही चुकलं माझं. मला वाटलं तुम्हाला लागेल."

"लागलं," पुढच्या सीटवरून बाबा म्हणाले. "लागायलाच हवं होतं. न लागून कसं चालेल?" मग मागे वळून लेकीला म्हणाले, "पण आईला जास्त रागावू नको. पोरांना झेपणार नाही म्हणून मीही गाळत आलो. पोरांना सगळं झेपतं. आम्हालाच झेपत नाही. आता कोण कोणाला नापास करणार?"

घरी उतरताना लेकीने माझ्या हातातली डब्यांची पिशवी घेतली. तिच्या भाषेत ते पुष्कळ झालं.

रविवारी मिस्साहून आल्यावर बाबांनी खिडकीपाशी खुर्ची मांडली. सप्टेंबरचं ऊन आलं होतं, तेल आपोआप पातळ झालं होतं, तरी त्यांनी गरम पाण्याचा मग घेतलाच. लेक येऊन बसली. त्यांनी केसांचे भाग केले, पहिली बट बोटावर घेतली. मी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आजा," लेक म्हणाली. मग थांबली, आणि शब्द जुळवत जुळवत मराठीत म्हणाली, "तुझी आजी... ती कशी होती?"

मी घडी तशीच धरून बसले. खाडी, खारा वारा, लहान खिडक्या. वर्षानुवर्षं घरात तयार असलेलं उत्तर मला पाठ होतं.

"मला फार माहीत नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. जे नाही ते नाही म्हणून सांगेन. तू विचारत राहा."

आणि ते सांगायला लागले. हळू, सोपे शब्द घेऊन, तिला कळेल असं. ती मध्येच काही विचारायची, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि ते दोन्हींना उत्तर द्यायचे. अर्धा तास झाला, एक तास झाला. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. मी घड्या घालत ऐकत होते.